आणखी दोन आटे

एप्रिल महिना, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, आणि आमच्या झोपायच्या खोलीची भिंत ओली. मी स्टुलावर चढून त्या ओलीच्या कडेकडेने पेन्सिलीची रेघ ओढत होतो आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख लिहीत होतो. बायको खाली स्टूल धरून उभी. ती म्हणाली, "अहो, पाऊस ऑक्टोबरात गेला. मग ही ओल कसली?"

हा प्रश्न मला आदल्या जुलैत पडायला हवा होता. पण जुलैत बाहेर पाऊस होता, म्हणून तो पडलाच नाही.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यात नववीच्या वर्गाला द्रवाचा दाब किती वर्षं शिकवला याची मोजदादच नाही. प्रयोगशाळेत काचेचं एक भांडं होतं. जाड, बारीक, वाकडी, फुगीर अशा चार-पाच नळ्या खालून एकमेकींना जोडलेल्या. एकीत पाणी ओतलं की सगळ्यांत एकाच उंचीला चढायचं. "नळी जाड असो की बारीक, दाब ठरवते ती उंची," हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. आणि तोच मी घरी नळाला धार नाही म्हणून स्वयंपाकघरात अर्ध्या इंचाचा पाइप काढून एक इंची टाकून घेतला.

आमची इमारत पुण्याच्या कर्वेनगरातली, 1986 सालची. तळमजला आणि वर तीन मजले, बारा बिऱ्हाडं. आम्ही सगळ्यात वर. शॉवरला धार नाही ही आमची पहिल्यापासूनची तक्रार. खालचे लोक म्हणायचे, तुम्हाला तर टाकी डोक्यावरच आहे, तुम्हाला सगळ्यात जास्त प्रेशर मिळायला पाहिजे. ऐकायला पटतं, पण हिशेब उलटा आहे. दहा मीटर उंचीचं पाणी चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब देतं. आमच्या शॉवरपासून टाकीतलं पाणी जेमतेम अडीच-तीन मीटर वर, म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. तळमजल्यावरच्या काकूंना तीच टाकी सव्वा किलो देते. टाकी जितकी जवळ तितके आपण गरीब.

सोसायटीने पाच हजार लिटरच्या टाकीजागी दहा हजारांची बसवली तेव्हा मीही बैठकीत हात वर केला होता. पाणी दोन दिवस पुरायला लागलं, धार तेवढीच राहिली. मग कुणी सांगितलं, पाइपाच्या तोंडाशी रिड्यूसर लावा, बागेतल्या रबरी नळीचं तोंड बोटाने दाबल्यावर पाणी कसं लांब जातं. जातं खरं, पण बादली भरायला ठेवली तर उशिरा भरते, हे कुणी बघत नाही. तोही प्रयोग आम्ही करून पाहिला. शॉवरखाली उभं राहिल्यावर चार ठिकाणी टोचल्यासारखं व्हायचं आणि साबण काही निघायचा नाही.

शेवटी 2021 च्या जूनमध्ये टाकीकडून येणाऱ्या आमच्या लाइनीवर प्रेशर पंप बसवला. (महापालिकेच्या नळालाच मोटर लावतात ते वेगळं. ते बेकायदा तर आहेच, शिवाय जमिनीतल्या पाइपाला कुठे चीर असेल तर मोटर बाहेरची घाण आत ओढून घेते.) पंपाने कमाल केली. नळ उघडला की खालून गुरगुर आणि वरून सडसड. पहिल्या दिवशी बाबांनी दोनदा आंघोळ केली. वय वर्षं चौऱ्याऐंशी.

महिन्याभरात भिंतीवर ओल आली.

ओल कुठे आली ते सांगतो, कारण सगळी दिशाभूल त्या जागेने केली. बाथरूम आणि झोपायची खोली यांच्यामधली भिंत, छतापासून दोन-अडीच फूट खाली. आधी चहा सांडल्यासारखा पिवळसर डाग, मग रंगाला फुगे, मग पोपडे. बोट लावलं की खालचं प्लास्टर मिठासारखं भुरभुरायचं. बाहेर धो धो पाऊस, वर गच्ची, भिंतीच्या वरच्या भागात ओल. यात विचार करण्यासारखं काय होतं? सेक्रेटरी येऊन बघून गेले. मान वर करून छताकडे बघत म्हणाले, "सर, टेरेस गेली आपली." मी म्हटलं, "गेलीच."

पावसाळा संपल्यावर गच्चीचं काम निघालं. दर बिऱ्हाडाला चौदा हजार. गच्ची गळते की नाही हे बघायची एक साधी रीत आहे. पाणी जायची भोकं बोळे घालून बंद करायची, गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी कोंडून ठेवायचं आणि खाली काय होतं ते बघायचं. ते कुणी केलं नाही, मलाही सुचलं नाही. जुना कोबा फोडला, नवा घातला, वर पांढऱ्या चायना मोझॅकच्या कपच्या. गच्ची चांदीच्या ताटासारखी दिसायला लागली. भिंतीवरची ओलही डिसेंबरापर्यंत आक्रसली. मी सेक्रेटरींना मुद्दाम घरी बोलावून दाखवली.

ती आक्रसली कारण हवा कोरडी झाली होती. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की भिंतीत झिरपलेलं पाणी बाहेर पडायला वाव मिळत नाही, डाग पसरतो. हिवाळ्यात तेवढंच पाणी झिरपलं तरी उडून जातं. गळती तीच होती, वाळण्याचा वेग बदलला होता. बाष्पीभवनाचा धडाही मीच शिकवत होतो, हे आता पुन्हा सांगत नाही.

गच्चीच्या कामात आणखी एक गोष्ट झाली. आमच्या बाजूला दोन उभे पाइप गच्चीतून हातभर वर आलेले होते, तोंडं उघडी. एक संडासाच्या लाइनीचा, दुसरा न्हाणीघरांच्या. गवंड्याने विचारलं, या उघड्या पाइपांचं काय करायचं, पावसाचं पाणी आत जातं, कावळे काड्या टाकतात. कुणीतरी म्हणालं, बंद करून टाका. त्याने दोन्हींवर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले आणि सिमेंटने कडा लिंपल्या. मी तिथेच उभा होतो. "चांगलं झालं," असंही म्हणालो.

जानेवारीत बेसिन बोलायला लागलं. खालच्या मजल्यावर कुणी बादली ओतली की आमच्या बेसिनच्या पोटातून गुडगुड, गुडगुड. आणि मग वास. मुलगा बेंगळुरूला गेल्यापासून दुसरं बाथरूम जवळजवळ बंदच असतं, तिथून जास्त. आधी फिनेल. मग डांबराच्या गोळ्या. मग बायकोने खायचा सोडा घालून उकळतं पाणी ओतलं, ते तिला कुणी सांगितलं होतं. कशानेच काही होईना तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ॲसिडची बाटली आणली.

आमच्याकडे तुंबलेल्या मोरीवर ॲसिड हा जणू रामबाण आहे. खरं तर मोरीत अडकतात ते केस, साबणाचा मेद आणि स्वयंपाकघरातलं तूप-तेल. बाजारातलं ॲसिड म्हणजे पातळ हायड्रोक्लोरिक. ते केस विरघळवत नाही. तुपाचंही त्याला काही करता येत नाही. ते खातं ते फरशीच्या सांध्यातलं सिमेंट, नळाची चकाकी आणि जुन्या इमारतीतले लोखंडी पाइप. म्हणजे चोर सोडून घरातल्यांनाच मार. त्यात त्या दिवशी बायकोने सकाळी तिथे ब्लीचिंग पावडर टाकली होती आणि मला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. मी वरून ॲसिड ओतलं. पिवळट-हिरवी वाफ आली आणि घशात कुणीतरी चिमटा धरल्यासारखं झालं. क्लोरीन. खिडकी उघडून मी धडपडत बाहेर आलो. पुढचा अर्धा तास बाल्कनीत खोकत बसलो होतो. बाबांनी आतून विचारलं, "वास गेला का रे?"

गेला नव्हता.

एप्रिलात ओल पुन्हा पसरायला लागली तेव्हा तळमजल्याच्या काकूंनी एका मिस्त्रीचा नंबर दिला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. मूळचा ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. त्या भागातले प्लंबर देशभर पसरलेले आहेत, तिथल्या पट्टामुंडाईत हे काम शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. हा मात्र काकाच्या हाताखाली शिकला आणि वीस वर्षांपूर्वी पुण्याला आला. मराठी बोलायचा, मध्ये मध्ये हिंदी.

मी त्याला भिंत दाखवली, पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या, गच्चीची सगळी कथा सांगितली. त्याने भिंतीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्याने विचारलं, "सर, पंप कधी बसवला?"

मी सांगितलं. मग त्याने विचारलं, "आणि ओल?"

मी तेही सांगितलं, आणि सांगता सांगताच माझा आवाज खाली आला.

तो बाथरूममध्ये गेला. भिंतीच्या या बाजूला जिथे डाग होता, बरोबर त्याच उंचीवर पलीकडे गीझर टांगलेला होता. सात फुटांवर. गीझरमधून गरम पाण्याचा पाइप खाली येतो तो त्याच भिंतीच्या आतून. दहा महिने मी डागाकडे बघत होतो, डागाच्या वर बघत होतो, पण भिंतीच्या पलीकडे काय आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं. ओल वरच्या बाजूला आहे म्हणजे पाणी छतातून येतंय, एवढंच डोक्यात. घरातल्या पाण्याच्या लाइनी जमिनीलगतच असतात असं कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे?

लगेच फोडाफोडी केली असती तर मला नवल वाटलं नसतं, आजवर आलेल्या प्रत्येकाने छिन्नी आधी काढली होती. याने पिशवीतून एक पत्र्याची पेटी काढली. पेटीत पाणी, वर एक दांडा, बाजूला रबरी नळी आणि काट्याची तबकडी. पंप बंद केला, गीझरचा कॉक बंद केला, शॉवरच्या जागी डमी बसवली. बेसिनखालच्या थंडच्या अँगल कॉकला नळी जोडली आणि दांडा हापसला. काटा पाच किलोवर नेला आणि सोडून दिला. आम्ही दोघं बादली उलटी करून पेटीभोवती बसलो. दहा मिनिटं झाली, काटा पाचवर ठाम. मग नळी गरमच्या लाइनीला. पुन्हा पाच. आधी काही कळलं नाही. मग काटा थरथरला. साडेचार. चार. तीनपर्यंत यायला सहा मिनिटं लागली. कुठे टिपूसही दिसत नव्हता, आवाज नव्हता, नुसता काटा उतरत होता.

"गरमच्या लाइनीत आहे," तो म्हणाला. "आता फोडू."

दोनच टाइल काढल्या. गीझरच्या खाली वीतभरावर वळणाचा एल्बो होता, सीपीव्हीसी प्लॅस्टिकचा, आत पितळी आटे असलेला. त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला उभी चीर गेली होती. इतकी बारीक की कपड्याने पुसल्याशिवाय दिसेना. पुसली की पाच सेकंदांनी तिच्यावर एक थेंब उभा राहायचा, फुगायचा आणि सिमेंटमध्ये नाहीसा व्हायचा. पाव किलोच्या दाबाला ती चीर बहुधा कशीबशी मिटून राहिली असेल. पंपाने तिला दीड-दोन किलो दिले.

एल्बो सोडवताना त्याने आट्यांवरचं टेफ्लॉन उलगडलं. ते संपेचना. मुलं पतंगाचा मांजा गुंडाळतात तसं गुंडाळलेलं. "एवढं टेप लावून एवढं आवळलं की प्लॅस्टिक फाटतं," तो म्हणाला. "लोखंडाला चालतं, याला नाही. कोणी केलं हे?"

2014 साली आम्ही बाथरूम नवं केलं. गरम पाण्याच्या लोखंडी लाइनी काढून सीपीव्हीसी टाकलं. काम करणारा पोरगा विशीतला होता. याच एल्बोला त्याने हाताने निपल लावलं, पान्याने थोडं आवळलं आणि म्हणाला, झालं. मी तिथे उभा होतो. भिंतीत गाडायचं आहे, पुन्हा दिसणार नाही, म्हणून मी म्हटलं, "टेप अजून लाव. आणि आणखी दोन आटे आवळ." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पान्याकडे, आणि आवळलं. तो करकर आवाज मला त्या क्षणी जसाच्या तसा आठवला.

मिस्त्रीला मी एवढंच म्हटलं, "होता एक जण."

घट्ट म्हणजे पक्कं ही आमच्या घराण्याची श्रद्धा आहे. बाबा नळ बंद करतात तेव्हा शेजारच्या खोलीत कळतं. जुन्या नळात खाली रबराचं वायसर असायचं. ते झिजलं की नळ ठिबकायचा, ठिबकला की बाबा जास्त आवळायचे, आवळला की वायसर आणखी चिरायचं. एकदा मी रात्री ठिबकत्या नळाखाली पातेलं ठेवलं, सकाळी आठ तासांत पाच लिटर भरलं होतं. दोन-पाच रुपयांच्या वायसरवर काम भागलं असतं. आताच्या अर्ध्या फेऱ्याच्या नळांत वायसर नसतंच, चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांना जोर लावून काही मिळत नाही. कचरा अडकला तर काढायचा, चकती चिरली तर आतलं कार्ट्रिज बदलायचं. हे मी बाबांना समजावून सांगितलं आहे. ते मान हलवतात आणि आवळतात.

एल्बो बदलला. लाइन पुन्हा पाचवर ठेवून अर्धा तास पाहिली. मग मी भीतभीत वासाचा विषय काढला.

तो मुलाच्या बाथरूममध्ये गेला, कोपऱ्यातली जाळी उचलली, आत टॉर्च मारली आणि मला वाकायला सांगितलं. आत कोरडं. या भांड्याला प्लंबर लोक नहाणी ट्रॅप म्हणतात. आपल्या मराठी-गुजराती न्हाणीचा हा शब्द देशभरच्या प्लंबिंगच्या कॅटलॉगांत इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो. या ट्रॅपात दोन इंच पाणी कायम साठून राहायला हवं. वास अडवतं ते पाणी, जाळी नव्हे आणि फिनेलही नव्हे. बाथरूम वापरात नसलं की ते हळूहळू उडून जातं आणि खालच्या सगळ्या लाइनीला आपल्या घराचं दार उघडं होतं. त्याने एक तांब्याभर पाणी ओतलं. पंधरा मिनिटांत वास कमी झाला. ॲसिड, सोडा, डांबर, क्लोरीन, आणि उपाय काय, तर तांब्याभर पाणी.

"पण हे पुन्हा जाईल," तो म्हणाला. "बेसिन आवाज करतं ना? वर चला."

गच्चीवर त्याने फरशीचे दोन तुकडे बघितले आणि कपाळावर हात मारला. उभ्या पाइपातून पाण्याचा लोंढा खाली जाताना मागे हवा ओढतो. वरून हवा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर तो मिळेल तिथून ओढतो, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या ट्रॅपांतून, आणि जाताना त्यांतलं पाणी घेऊन जातो. बेसिन गुडगुडत होतं ते पाइपाला श्वास अपुरा पडत होता म्हणून. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत नुसत्या उतारावर आणलं, तेव्हा त्या भुयारी नळाला वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले होते. शब्दच उच्छ्वास. दरवर्षी सहल घेऊन जाताना मी मुलांना तो शब्द फोडून सांगायचो.

छिन्नीचे चार घाव आणि फरशी निघाली. मी पाइपाच्या तोंडाशी कान नेला. खाली कुणीतरी मोरीत पाणी ओतलं असावं, कारण पाइपाने गालावरून थंड हवा आत ओढून घेतली. लांब, समाधानाचा श्वास. त्याने वर जाळी बांधून दिली, कावळ्यांसाठी.

जाताना तो टाकीकडून येणाऱ्या आमच्या लाइनीपाशी थांबला. ती अजून 1986 ची, लोखंडी. त्याने एक तुकडा कापून माझ्या हातात ठेवला. बाहेरून अर्धा इंच पाइप. आत गंजाच्या तांबूस गाठी, वारुळासारख्या, आणि मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक. दाब उंचीवर ठरतो हे खरंच, पण पाणी वाहायला लागलं की असला पाइप वाटेतच तो दाब खाऊन टाकतो. स्वयंपाकघरात एक इंची पाइप टाकून उपयोग झाला नाही, कारण त्याच्या मागे ही पेन्सिल होती. पुढच्या आठवड्यात ती लाइन बदलली. शॉवरची तबकडी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, टँकरच्या जड पाण्याने साचलेला क्षार सुटला. पंप बंद ठेवून पाहिलं. धार जोरदार नव्हती, पण भरपूर होती. बाबा म्हणाले, पंपवाली बरी होती.

मे महिन्याच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पंप, एल्बो, काटा, फरशीचे तुकडे. दोन आट्यांचं तेवढं राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आमचे चौदा हजार?" क्षणभर शांतता. सेक्रेटरी म्हणाले, गच्ची कधी ना कधी करायचीच होती. हे वाक्य ते कुठल्याही खर्चाबद्दल म्हणतात, पण त्या दिवशी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी सगळ्यांसाठी चहा मागवला.

भिंत जूनअखेर पूर्ण कोरडी झाली. रंगारी आला, म्हणाला, आधी या पेन्सिलीच्या रेघा घासून काढतो. मी म्हटलं, आत्ता नको, दिवाळीत ये. पाऊस पडून जाऊ दे.